जपानी उद्योजकाला जामीन कोण?

सोनी कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांचे ‘मेड इन जपान’ हे आत्मचरित्र १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यानंतर धंद्यात पडू पाहणाऱ्या, किंवा निदान तशी स्वप्ने पाहणाऱ्या इंजिनिअरांच्या कपाटात ते जे येऊन बसले ते अजून हललेले नाही. आमच्या मंडळाच्या वाचनालयातील प्रतीची पाने सुटी झाली आहेत, आणि मराठी घरांच्या बैठकीत जपानचा विषय निघाला की त्यातली एखादी गोष्ट हमखास बाहेर पडते. बहुतेकांच्या लक्षात राहिलेला सारांश असा: बाँबने जळालेले तोक्यो शहर, गळक्या छपराचे एक खोपट, त्यात दोन वेडे, आणि चाळीस वर्षांनी सोनी. यावरून काढायचे अनुमान ठरलेले असते. जिद्द हवी, चिकाटी हवी, मग भांडवलावाचून अडत नाही.

याच बैठकीत दुसरा एक प्रश्न हल्ली तेवढ्याच हमखास येतो. असल्या जिद्दीच्या देशात गेल्या तीसेक वर्षांत नवी सोनी का निघाली नाही? अमेरिकेत गूगल निघाली, चीनमध्ये अलिबाबा निघाली, जपानी तरुण मात्र मोठ्या कंपनीच्या दारात रांग लावून उभा. याचेही उत्तर तयार असते: जपानी संस्कृतीच तशी, समूहाबाहेर डोके काढणाऱ्याला ती ठोकून खाली बसवते, धोका पत्करणे त्यांच्या रक्तात नाही. दोन्ही उत्तरे एकाच तोंडातून, कधी कधी एकाच संध्याकाळी ऐकायला मिळतात. रक्तातली जिद्द १९४६ साली होती आणि १९९६ साली आटली, हे काही मला पटत नाही. म्हणून मी मोरितांचे पुस्तक पुन्हा काढले. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना अप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत घेऊन वाचले होते ते ट्रान्झिस्टर रेडिओसाठी. या खेपेस मात्र एकच प्रश्न धरून वाचले: हे सारे बुडाले असते तर नुकसान कोणाचे झाले असते?

हे पुस्तक मोरितांनी एकट्याने लिहिलेले नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाचे एडविन राइनगोल्ड आणि जपानी पत्रकार मित्सुको शिमोमुरा यांची नावे मुखपृष्ठावर आहेत. लिहिले गेले ते जपान-अमेरिका व्यापारी भांडण ऐन भरात असताना आणि मुख्यतः अमेरिकन वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून. त्यामुळे पूर्वार्ध आत्मचरित्राचा आणि उत्तरार्ध वकिलीचा असे त्याचे सरळ दोन भाग पडतात. पूर्वार्ध फार चांगला आहे, हे आधी मोकळेपणाने सांगतो.

त्यातला टेपरेकॉर्डरचा मासलाच पाहा. १९५० साली सोनीने (तेव्हाचे नाव तोक्यो त्सुशिन कोग्यो) जपानचा पहिला टेपरेकॉर्डर बाजारात आणला. वजन ३५ किलो, किंमत १,६०,००० येन. त्या काळी कारखान्यात लागलेल्या पदवीधराचा महिन्याचा पगार १०,००० येनही नव्हता. टेप बनवायला प्लास्टिक नाही, म्हणून कागदाच्या पट्ट्या कापल्या. चुंबकी भुकटी चक्क तव्यावर भाजून तयार केली आणि ब्रशाने त्या पट्ट्यांवर चोपडली. यंत्र पाहून लोक खूष होत, टाळ्या वाजवत आणि विकत न घेता घरी जात. मोरिता हिरमुसले. मग एके दिवशी जुन्यापुराण्या वस्तूंच्या एका दुकानात त्यांनी पाहिले की एक गिऱ्हाईक आपल्या टेपरेकॉर्डरहून जास्त पैसे मोजून एक जुनी सुरई घेऊन चालले आहे. कोणाला कशाची किंमत वाटते हे यंत्र बनवणाऱ्याने ठरवायचे नसते, एवढे त्यांच्या ध्यानात आले. युद्धानंतर जपानी न्यायालयांत लघुलेखकांची टंचाई होती. टेपरेकॉर्डर तिथे खपला, मग शाळांत खपला. आम्हा इंजिनिअर लोकांना ही चार पाने दरवर्षी सक्तीने वाचायला लावावीत अशी आहेत. चांगला माल आपोआप विकला जातो ही आमची जी भाबडी समजूत असते ती मोरितांना अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी सोडावी लागली, आणि सोडताना काय वाटले ते त्यांनी लपवलेले नाही.

बुलोव्हाची हकीकत तर प्रसिद्धच आहे. या अमेरिकन घड्याळ कंपनीने एक लाख रेडिओंची मागणी नोंदवू केली, अट एकच, वर नाव आमचे पाहिजे. घरच्या संचालकांनी ‘घेऊन टाका’ म्हणून कळवले. मोरितांनी नकार दिला. धाडसी निर्णय म्हणून तो सगळीकडे शिकवला जातो. परंतु असा नकार ज्याला परवडतो तो कोण असतो? उद्याच्या पगाराची, परवाच्या हप्त्याची, आणि हप्ता चुकला तर घरावर येणाऱ्या जप्तीची टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर आहे, तो एक लाख नगांना नाही म्हणेल का? या प्रश्नाचे उत्तर त्याच पुस्तकात, बरेच आधी देऊन ठेवलेले आहे. वाचणारे ते पान भराभर उलटतात, एवढेच.

ते पान कोसुगायाचे. नागोयाच्या दक्षिणेला असलेल्या या गावात मोरिता घराण्याचा साके गाळण्याचा पिढीजात धंदा. शिवाय सोया सॉस आणि मिसो. अकिओ हे थोरले चिरंजीव, आणि घराण्याच्या गादीचे पंधरावे वारस. लहानपणापासून वडील त्यांना कंपनीच्या बैठकींना शेजारी बसवून घेत. घरी परदेशी ग्रामोफोन होता, मोटार होती. १९४६ च्या एप्रिलमध्ये मासारू इबुका आणि त्यांचे सासरे तामोन माएदा हे मोरितांना बरोबर घेऊन रेल्वेने या घरी गेले. कशासाठी, तर थोरल्या मुलाला गादीवरून मोकळे करावे, तो आम्हांला नव्या कंपनीसाठी द्यावा, अशी विनंती करायला. पाहुण्यांना पाव, लोणी, जॅम आणि चहा मिळाला. अन्नधान्याची भ्रांत असलेल्या त्या वर्षी लोण्या-जॅमचा पाहुणचार म्हणजे काय, ते मोरितांनी बारकाईने टिपले आहे. वडिलांनी थोडे प्रश्न विचारले आणि परवानगी दिली. घरचा धंदा धाकट्या भावाकडे गेला.

जपानी कुटुंबपद्धतीतला हा प्रसंग लोक हळवे होऊन सांगतात. मला त्यातला हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो. ७ मे १९४६ रोजी कंपनी निघाली तेव्हा भांडवल होते १,९०,००० येन. पुढे जेव्हा जेव्हा पैसे संपले, तेव्हा मोरितांच्या वडिलांनी कर्ज दिले. परतफेड जमली नाही तेव्हा बदल्यात शेअर घेतले, आणि असे करता करता ते कंपनीचे मोठे भागधारक झाले. या व्यवहाराला तारण नव्हते, मुदत नव्हती. जप्तीचा तर प्रश्नच नव्हता. कंपनी बुडाली असती तर घराण्याची काही रक्कम गेली असती, आणि अकिओ आगगाडीत बसून कोसुगायाला परत गेले असते. पिंपे तिथेच होती.

मनुष्यबळाचेही तसेच. कंपनीचे पहिले अध्यक्ष झालेले माएदा हे नुकतेच शिक्षणमंत्रिपदावरून उतरलेले गृहस्थ. सल्लागारांत जुन्चिरो नव्हे, जुन्शिरो मानदाई, म्हणजे तेइकोकु बँकेचे माजी प्रमुख (नावांच्या या घोटाळ्याबद्दल जपानी जाणणाऱ्यांनी हसू नये). गोतेनयामाच्या शेडमध्ये पाऊस पडला की टेबलावर छत्री उघडावी लागे, आणि आत शिरताना शेजाऱ्यांच्या दोरीवरची बाळाची दुपटी चुकवत वाकून जावे लागे, ही वर्णने खरीच आहेत. तरी छपराला भोके असणे वेगळे आणि पायाखाली जमीन नसणे वेगळे. या कंपनीच्या डोक्यावर छत नव्हते, पाठीशी मात्र माजी मंत्री, माजी बँकप्रमुख आणि तीनशे वर्षांची पत असलेले घराणे उभे होते.

मोरितांनी हे दडवले असा माझा आरोप नाही. सगळे तेच सांगतात, आणि प्रेमाने सांगतात. माझी तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. तिथे कंपनी यशस्वी का झाली याची कारणे द्यायची वेळ येते आणि कोसुगाया पुस्तकातून नाहीसे होते. मग उरते ते असे: जपानी कंपनी म्हणजे कुटुंब, मालक आणि नोकर एकाच नावेत; अमेरिकन लोक तीन तीन महिन्यांच्या नफ्याकडे पाहतात, आम्ही दहा वर्षांचे पाहतो; अमेरिकेत वकील फार. यातल्या काही टीका बरोबर आहेत, येथे नोकरी करणाऱ्या कोणालाही त्या पटतील. परंतु दहा वर्षांचे पाहणे हा स्वभावाचा गुण म्हणून सांगितला आहे, आणि तो स्वभावाचा गुण नव्हता. दहा वर्षे थांबणारा सावकार घरीच होता म्हणून दहा वर्षांचे पाहता आले.

हे मोरितांपुरतेच खरे असते तर एवढा खल करण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या थोर संस्थापकांच्या हकीकती याच प्रश्नाने तपासून पाहाव्यात. कियोतोचे काझुओ इनामोरी १९५९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वरिष्ठाशी न पटल्याने नोकरी सोडून बाहेर पडले आणि क्योसेरा (तेव्हाची क्योतो सेरॅमिक) काढली. भांडवल ३० लाख येन, माणसे २८. हे घराणेदार नव्हेत. कागोशिमाच्या साध्या घरातले. पण इचिए निशिएदा नावाच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आपले राहते घर बँकेकडे गहाण टाकून कंपनीला १ कोटी येनांचे कर्ज मिळवून दिले. सॉफ्टबँकेचे मासायोशी सोन कोरियन वंशाच्या, उपेक्षित वस्तीतल्या घरातून वर आले. त्यांच्या पाठीशी शार्प कंपनीचे तादाशी सासाकी उभे राहिले. सासाकींनी विद्यार्थी सोनकडून त्याचे खिशात मावणारे भाषांतर-यंत्र कंपनीसाठी घेतले आणि पुढे १९८१ साली सॉफ्टबँक निघाल्यावर बँकेत त्याच्यासाठी शब्दही टाकला. नीट पाहिले तर प्रत्येक गोष्टीत एक तिसरा माणूस आहे. संस्थापक पुढे, यंत्र पुढे, आणि मागे अंधारात बुडीत सोसायला तयार असलेला कोणी एक.

सोइचिरो होंडा हा अपवाद म्हणावा लागेल, पण तोही पूर्ण नव्हे. पिस्टन रिंगा बनवणाऱ्या आधीच्या कंपनीतला आपला हिस्सा त्यांनी १९४५ साली टोयोटा गटाला ४,५०,००० येनांना विकला होता आणि त्या पैशावर वर्षभर स्वस्थ बसून विचार केला होता. होंडांवर संकट आले ते निराळ्या दिशेने. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत व्यापार मंत्रालयाने मोटार धंद्यात नवा गडी येऊ नये अशा बेताचा कायदा करण्याचा घाट घातला. होंडांनी तो होण्याआधीच घाईघाईने १९६३ मध्ये मोटारी बाजारात उतरवल्या, आणि विधेयक शेवटी संमत झालेच नाही. सोनीच्या ट्रान्झिस्टर परवान्यालाही याच मंत्रालयाने महिनोन्‌महिने लटकवले होते. २५,००० डॉलरांचे परकीय चलन असल्या चिमुकल्या कंपनीला का द्यावे, हा त्यांचा सवाल. जपानी सरकारनेच जपानी उद्योग घडवला असे मानणाऱ्यांनी या दोन हकीकती लक्षात ठेवाव्यात. असो.

आता ज्याला कोसुगाया नाही आणि निशिएदाही नाहीत, त्या जपानी माणसाने काय करायचे? तो बँकेत जातो. युद्धोत्तर जपानमध्ये लहान धंद्याला पैसा मिळण्याचा मुख्य मार्ग बँकेचे कर्ज हाच होता, आणि बँक दोन गोष्टी मागे: जमीन तारण आणि वैयक्तिक हमी. ही हमी साधी नव्हे. जपानीत तिला ‘रेन्ताई होशो’ म्हणतात. आपल्याकडे जामीन राहिलेला माणूस निदान ‘आधी कर्जदाराला गाठा’ असे म्हणून पाहतो. रेन्ताई होशोच्या जामिनाला तेवढेही म्हणण्याची सोय नाही. बँक थेट त्याच्या दारात येऊ शकते, जणू कर्ज त्यानेच काढले होते. कंपनीच्या पाटीवर ‘मर्यादित जबाबदारी’ आहे, पण संस्थापकाने स्वतः हमी लिहून दिली की ती मर्यादा त्याच्यापुरती पुसली जाते. कंपनीचे दिवाळे वाजते त्याच दिवशी त्याचे वाजते. शिवाय बऱ्याचदा बँकेला आणखी एक हमीदार लागे, म्हणजे सासरा, मेहुणा, शाळेतला मित्र. कंपनी बुडाली की त्यांची घरेही त्यात जात.

‘कोणाला जामीन राहू नये’ हे मराठी घरात मुलाला फार लवकर शिकवले जाते, आणि त्यामागे बहुधा एखाद्या काकाची करुण कथा असते. जपानमध्ये अशा काकांची संख्या मोठी होती. १९९० च्या सुमारास जमिनींचे भाव कोसळू लागले तेव्हा तारणाची किंमत पडली, कर्ज मात्र तेवढेच राहिले, आणि पुढे बँकांनी हात आखडते घेतल्यावर हमीची कलमे एकेक करून जागी झाली. १९९८ साली जपानातील आत्महत्यांचा आकडा प्रथमच ३०,००० वर गेला आणि त्यानंतर चौदा वर्षे तो खाली उतरला नाही. त्यांतल्या सगळ्यांमागे कर्ज नव्हते, पण लहान धंद्यांचे मालक त्यांत होते ही गोष्ट त्या देशात प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या मुलाने १९९८ साली शेजारच्या कारखानदाराची ही गत पाहिली, तो २००८ साली पदवीधर झाल्यावर मोठ्या कंपनीच्या रांगेत उभा राहिला, तर त्याला भित्रा म्हणायचे की वाचता येणारा म्हणायचे?

मोठी कंपनी म्हणजे या कथेतला दुसऱ्या प्रकारचा यजमान. बुडीत ती सोसते. फक्त मिळकतही ठेवून घेते. फुजिओ मासुओका यांचे उदाहरण आम्हा काँप्युटरवाल्यांच्या रोजच्या खिशातले आहे. त्यांनी तोशिबामध्ये असताना १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधून काढली; १९८४ मध्ये पहिली मांडणी, १९८७ मध्ये नँड प्रकारची. आज प्रत्येक फोनमध्ये ती आहे. तोशिबाने त्यांना किरकोळ बक्षीस दिले, आणि बाजारात पहिला मोठा डाव टाकला तो अमेरिकेच्या इंटेलने. १९९४ साली मासुओका कंपनी सोडून विद्यापीठात गेले, २००४ मध्ये त्यांनी तोशिबावर १ अब्ज येनांचा दावा लावला, २००६ मध्ये ८ कोटी ७० लाखांवर तडजोड झाली.

निळा प्रकाश देणाऱ्या डायोडचे शुजी नाकामुरा यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, आणि म्हणून मला जास्त बोलकी वाटते. ते शिकोकू बेटावरच्या निचिया नावाच्या लहान रसायन कंपनीत होते. कंपनीचे संस्थापक नोबुओ ओगावा यांनी या एका माणसाच्या हट्टापायी कित्येक कोटी येन मोकळे केले आणि त्याला वर्षभर फ्लोरिडाला शिकायला पाठवले. हा पुन्हा कोसुगायाचाच प्रकार. मालकाने आपल्या मर्जीने, आपल्या पैशाने, न विचारता दिलेली मुभा. १९९३ साली डायोड बाजारात आला. नाकामुरांना त्या गाजलेल्या पेटंटबद्दल बक्षीस मिळाले २०,००० येन. पुढे ते कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाले, दावा गुदरला. २००४ च्या जानेवारीत तोक्योच्या न्यायालयाने २० अब्ज येन द्यावेत असा निकाल दिला आणि जपानी उद्योगजगत हादरले. वर्षभरात वरच्या न्यायालयात सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली. २०१४ मध्ये नाकामुरांना नोबेल मिळाले. २०१५ मध्ये पेटंट कायदाच बदलला गेला: नोकराच्या शोधाचा हक्क मुळापासूनच कंपनीचा ठरवण्याची सोय झाली. नोबेल आणि कायदा, यांच्यातले अंतर एका वर्षाचे!

मग असा शोधक कंपनीबाहेर पडून स्वतःचे का काढत नाही? माझ्या एका नोकरीत माझ्या वयाचा एक जपानी सहकारी दोन वर्षांसाठी आला होता. इंजिनिअर म्हणून तो माझ्यापेक्षा सरस. मी त्याला हेच विचारले. तो म्हणाला, “तू आज राजीनामा देऊन उद्या हरलास, तर परवा तुला कोणीतरी नोकरी देईल. मला बाविसाव्या वर्षी एकदा दार उघडले होते.” जपानी कंपन्या एप्रिलमध्ये नव्या पदवीधरांची एकगठ्ठा भरती करतात, निवृत्तीची रक्कम नोकरीच्या वर्षांबरोबर चढत जाते, मध्येच उतरलेल्याला त्याच पायरीवर परत चढता येणे अलीकडेपर्यंत दुर्मीळ होते. या बाबतीत मोरितांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. सोनीने कर्मचाऱ्यांच्या कागदांतून त्यांच्या विद्यापीठांची नावे काढून टाकली, इतर ठिकाणची माणसे मधूनच घेतली, आणि टेपरेकॉर्डरचा आवाज भिकार आहे म्हणून पत्र लिहिणाऱ्या नोरिओ ओगा नावाच्या गायनाच्या विद्यार्थ्याला पुढे कंपनीचा अध्यक्ष केले. पण सोनीची ही रीत सोनीतच राहिली. बाकीच्यांनी पुस्तक वाचले, वॉकमन विकत घेतला आणि एप्रिलची भरती चालू ठेवली.

जिद्दीचा आणि बुद्धीचा तुटवडा नाही याचा पुरावा हवा असेल तर शाफ्ट या कंपनीचा पाहावा. तोक्यो विद्यापीठातल्या दोन तरुण संशोधकांनी २०१२ मध्ये विद्यापीठ सोडून दोन पायांवर चालणाऱ्या यंत्रमानवासाठी ती काढली. पैशासाठी जपानी गुंतवणूकदारांचे आणि सरकारी खात्यांचे उंबरठे झिजवले. मिळाली ती मुख्यतः सहानुभूती. २०१३ मध्ये गूगलने कंपनी विकत घेतली, आणि त्याच डिसेंबरात अमेरिकन संरक्षण खात्याच्या डार्पा स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हा यंत्रमानव सर्वांत पुढे आला. (गूगलनेही त्याचे फार काही केले नाही, २०१८ मध्ये ते काम बंद झाले. श्रीमंत यजमान म्हणजे धीराचा यजमान, असे नसते.)

गेल्या काही वर्षांत जपानने या रोगाचे निदान स्वतःच केलेले दिसते. कंपनी काढायला किमान १ कोटी येन भांडवल हवे ही १९९० सालच्या सुधारणेने आलेली अट २००६ च्या कंपनी कायद्याने गेली. २०१४ पासून मालकाची वैयक्तिक हमी शक्यतो घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे बँकांना लागू झाली. २०२२ च्या नोव्हेंबरात किशिदा सरकारने पाच वर्षांची योजना जाहीर केली, नवउद्योगांतली गुंतवणूक १० ट्रिलियन येनांवर न्यायची म्हणून. आणि २०२३ च्या मार्चपासून नव्या संस्थापकांना वैयक्तिक हमीशिवाय कर्ज मिळावे यासाठी सरकारी पाठबळाची योजना निघाली. यांतला आकडा मला विशेष भुरळ घालत नाही. सरकारी योजनांना मोठे आकडे आवडतात. हमीचे कलम मात्र खरे आहे. २०१३ मध्ये निघालेली मेर्कारी पाच वर्षांत शेअर बाजारात पोचली, ती बँकेच्या कर्जावर नव्हे, भागभांडवलावर. तिचा संस्थापक हरला असता तर त्याच्या मेहुण्याचे घर गेले नसते. संस्कृती तीच, शाळा त्याच, भाषा तीच. बदलला तो करार.

यावर आक्षेप असा येईल की मी सगळे पैशावर आणून ठेवतो, आणि शाळेत, घरात, कचेरीत चार माणसांसारखे वागण्याचे जे दडपण असते ते विसरतो. विसरत नाही. पण ते दडपण कशाने टिकते तेही पाहायला हवे. एकाच्या फसण्याने तीन घरांवर जप्ती येणार असेल, तर ती तीन घरे त्याला ‘हे धाडस करू नकोस’ असे सांगणारच, आणि ते सांगणे चार पिढ्या चालले की लोक त्यालाच संस्कृती म्हणू लागतात.

मोरितांनाही पुढे शंका आल्या होत्या. १९९२ साली एका जपानी मासिकात त्यांनी जपानी धाटणीचे व्यवस्थापन संकटात आहे असा लेख लिहिला. कामाचे लांबच लांब तास, भागधारकांना आणि कामगारांना मिळणारा अपुरा वाटा यांवर त्यांनी बोट ठेवले. सहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकात ज्यांचे कौतुक होते त्यांतल्याच काही गोष्टी त्या. लेखाने तिकडे खळबळ माजली. पुस्तक मात्र जसेच्या तसे खपत राहिले, आणि लेख आपल्या मंडळींपैकी फारच थोड्यांच्या कानावर गेला.

वाचनालयातली प्रत कोणी नेणार असेल तर जरूर न्यावी. कोसुगायाची पाने आधी वाचावीत आणि बुलोव्हाची मागून. इनामोरींच्या आठवणींतही एक जागा आहे. निशिएदांनी घर गहाण टाकताना बायकोला सांगितले की हे घर जाऊ शकते. ती हसून म्हणाली, एका पुरुषाचा दुसऱ्या पुरुषावर एवढा जीव जडला आहे तर हरकत नाही. इनामोरींनी हे कृतज्ञतेने नोंदवले आहे. २०२० साली जपानचा दिवाणी कायदा सुधारला, तेव्हा धंद्याच्या कर्जाला बाहेरच्या व्यक्तीने जामीन राहायचे असेल तर तिने आधी नोटरीसमोर जाऊन, आपण काय पत्करतो आहोत हे समजून, तसे लिहून द्यावे अशी अट आली. या अटीतून काही जणांना वगळले आहे. कंपनीचे संचालक, मोठे भागधारक, आणि स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्या माणसाच्या धंद्यात काम करणारी त्याची पत्नी किंवा तिचा पती. त्यांना नोटरीकडे जावे लागत नाही. त्यांची सही घरी घेतली तरी चालते.